नीळ : अभिक्रियेचे अर्थकारण

बेन्झीन वलय, कार्बोनिल गट आणि नायट्रोजनयुक्त संयुगे यांच्या अभिक्रियांचा भारतीय शेतीशी काय संबंध, असा प्रश्न विद्यार्थ्यांना पडणे स्वाभाविक आहे. निळीचा इतिहास त्याचे उत्तर देतो.

जर्मन रसायनशास्त्रज्ञ अडॉल्फ फॉन बायर यांनी १८८२ मध्ये ऑर्थो-नायट्रोबेन्झाल्डिहाइड व ॲसिटोन यांपासून नीळ तयार केली. अल्कलीच्या सान्निध्यात ॲसिटोनचा रेणू अल्डिहाइडच्या कार्बोनिल गटाशी जोडला जातो. त्यानंतर शेजारच्या नायट्रो गटातील नायट्रोजन नव्या वलयात सामावला जातो. मात्र कच्चा माल महाग असल्याने ही पद्धत नैसर्गिक निळीशी स्पर्धा करू शकली नाही. कोळशाच्या डांबरातील स्वस्त नॅफ्थलीनपासून अँथ्रानिलिक आम्ल बनविण्याच्या मार्गाने ही अडचण दूर झाली आणि १८९७ मध्ये बीएएसएफ कंपनीने कृत्रिम नीळ बाजारात आणली.

परिणामी नैसर्गिक निळीचे भाव कोसळले. बिहारमधील चंपारण्यात तीनकठिया पद्धतीनुसार वीस कठ्ठ्यांच्या प्रत्येक बिघ्यात तीन कठ्ठे नीळ लावणे रयतेवर बंधनकारक होते. त्यातून मुक्त करण्याच्या मोबदल्यात मळेवाल्यांनी 'शरहबेशी' म्हणजे वाढीव खंड किंवा 'तावान' ही एकरकमी भरपाई वसूल केली. अशा रीतीने बाजारातील तोटा रयतेच्या माथी आला. १९१७ मध्ये महात्मा गांधींनी या अन्यायाची चौकशी हाती घेतली व १९१८ च्या कायद्याने तीनकठिया पद्धत रद्द झाली.

नव्या अभिक्रियेमुळे उत्पादनखर्च घटतो. त्या बदलाचा भार कोणी सोसावा, हे जमीनधारणेची पद्धत आणि कायदा ठरवितात.