लोफ केक, मायर लिंबाचा

मायर लिंबाच्या ताज्या सालीचा किस व रस घालून, पावाच्या लांबट साच्यात भाजलेला एक गोड पदार्थ. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कॅलिफोर्निया राज्यात, परसात या लिंबाचे झाड असलेल्या घरांतून तो विशेषेकरून हिवाळ्यात करतात. लिंबूवंशातील सुगंधी सालीच्या कोणत्याही फळाचा असा केक करता येतो. मायर लिंबाचा केक त्या सर्वांत वेगळा अशासाठी, की फळाचे जे गुण व्यापाराच्या दृष्टीने दोष ठरले, तेच घरगुती भट्टीत उपयुक्त ठरले आणि त्यामुळे दीर्घकाळ हे फळ बाजारापेक्षा परसात व स्वयंपाकघरातच टिकून राहिले. आपल्याकडील कागदी लिंबू, पाश्चात्त्य व्यापारातील लेमन आणि मायर लिंबू ही तीन भिन्न फळे होत. या नोंदीत ‘लेमन’ हा शब्द व्यापारातील फळासाठीच वापरला आहे.

फळ व झाड : मायर लिंबू हे मूळचे चीनमधील. तेथे ते शोभेसाठी कुंडीत लावीत. अमेरिकेच्या कृषी विभागाचे वनस्पति-संशोधक फ्रँक एन. मायर (१८७५–१९१८) यांनी १९०८ मध्ये पीकिंगजवळून (आताचे बीजिंग) त्याची रोपे अमेरिकेस पाठविली व त्यांचेच नाव फळास मिळाले. मायर हे जन्माने डच होते. आशियाच्या दूरवरच्या भागांत बव्हंशी पायी हिंडून त्यांनी सु. अडीच हजार वनस्पती अमेरिकेस धाडल्या. तथापि सर्वसामान्य माणसास ते आठवतात ते या एका लिंबामुळे. हे फळ संकरज असून त्याच्या पूर्वजांत महाळुंग, मँडरीन व पपनस यांचा अंतर्भाव होतो, असे जनुकीय परीक्षणांतून दिसून आले आहे. झाड दोन ते तीन मी. उंच, झुडपासारखे पसरणारे व लेमनच्या झाडापेक्षा थंडी अधिक सोसणारे असते. फळ गोलसर, पिकल्यावर नारिंगी झाक असलेल्या पिवळ्या रंगाचे, रसाळ आणि पातळ, गुळगुळीत सालीचे असते. फळे झाडावर बराच काळ राहू शकतात, त्यामुळे घरमालकास ती लागतील तशी तोडता येतात. फांदीचा तुकडा रोवला तरी झाड सहज मुळे धरते, हा गुण त्याच्या प्रसारास विशेष कारणीभूत झाला. शेजाऱ्याने शेजाऱ्यास फांदी द्यावी आणि काही वर्षांत दुसऱ्या परसात फळे लागावीत, अशा रीतीने कॅलिफोर्नियाच्या शहरांत व उपनगरांत ते पसरले. न्यूझीलंडमधील घरगुती बागांतूनही ते मोठ्या प्रमाणावर आढळते.

व्यापारी बागाईतदारांनी मात्र त्याकडे फारसे लक्ष दिले नाही. पातळ साल वाहतुकीत चेपते व खरचटते आणि फळ दीर्घकाळ साठविता येत नाही. लेमन झाडावर हिरवट असतानाच आकारमान पाहून तोडतात, कोठारात पिवळे होऊ देतात आणि मेण व बुरशीनाशक लावून दूरवर पाठवितात. मायर लिंबाला हे सोपस्कार मानवत नाहीत. १९७१ मध्ये बर्कली येथे सुरू झालेल्या शे पानीस या उपाहारगृहाने आपल्या गोड पदार्थांत मायर लिंबाचा आवर्जून वापर केला आणि पुढील दोन-तीन दशकांत त्याला बाजारातही मागणी निर्माण झाली.

सालीचे महत्त्व : लिंबाच्या केकचा स्वाद रसातून येतो, हा सार्वत्रिक समज अर्धाच खरा आहे. रसातून येतो तो आंबटपणा. सुगंध जवळजवळ सर्वस्वी सालीतून येतो. सालीच्या रंगीत बाह्य थरात सूक्ष्म तैलग्रंथी असतात. त्यांतील बाष्पनशील तेलात लिमोनीन हे हायड्रोकार्बन सर्वांत अधिक प्रमाणात असते, तर लिंबाचा विशिष्ट वास मुख्यतः सिट्रल या अल्डिहाइडामुळे येतो. मायर लिंबाच्या तेलात यांखेरीज थायमॉल अल्प प्रमाणात आढळते. थायमॉल हाच ओव्याच्या वासाचा मुख्य घटक होय. मायर लिंबाच्या सालीला येणारा वनौषधीसारखा किंचित उग्र वास त्यामुळे महाराष्ट्रीय नाकास फारसा परका वाटू नये. रंगीत थराखालील पांढरा, स्पंजासारखा थर कडवट असतो. मायर लिंबात तो फारच पातळ असल्याने किसताना कडवटपणा उतरण्याचा धोका कमी; तरीही किसणीवर फळ एका जागी दोनदा फिरवू नये.

तैलग्रंथी फुटल्या की तेल उडू लागते. म्हणून साल आयत्या वेळी किसतात व किस लागलीच साखरेत चोळतात. साखरेच्या कणांच्या धारदार कडांनी उरलेल्या ग्रंथी फुटतात, तेल साखरेवर पसरते आणि साखर ओलसर व पिवळसर होते. हेच तेल पुढे लोण्यात विरते. ते पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थांत विरघळते; म्हणून किस अखेरीस पिठात टाकण्यापेक्षा आरंभी साखर-लोण्यात घातल्याने स्वाद अधिक टिकतो. घरच्या झाडाच्या फळाचा खरा लाभ येथे दिसतो. मेण व बुरशीनाशक न लावलेली, नुकती तोडलेली साल बाजारातील फळात क्वचितच मिळते. बाटलीतील अर्क घालूनही असे केक करतात, परंतु त्यांना लिंबाचे केक म्हणणे हे सौजन्याचेच ठरेल.

केकची घडण : लोफ केकचे मूळ अठराव्या शतकातील इंग्रजी ‘पाउंड केक’मध्ये आहे. त्यात लोणी, साखर, अंडी व मैदा समान वजनाने घेत. हॅना ग्लास यांच्या १७४७ मधील पाकग्रंथात असा केक सांगितला असून, मिश्रण तासभर घोटावे अशी त्यात सूचना आहे. फुगविण्याचे दुसरे साधन नसल्याने घोटून कोंडलेल्या हवेवरच सर्व भिस्त होती. १८४३ मध्ये इंग्लंडमध्ये ॲल्फ्रेड बर्ड यांनी बेकिंग पावडर तयार केली. पुढे ती सर्वत्र उपलब्ध झाल्यावर लोणी व अंडी कमी करून दही किंवा ताक घातलेले हलके प्रकार रूढ झाले. तरीही घोटण्याचे महत्त्व संपले नाही. बेकिंग पावडरीतून निघणारा कार्बन डाय-ऑक्साइड वायू नवे बुडबुडे निर्माण करीत नाही, तर लोण्यात आधीच कोंडलेल्या हवेच्या बुडबुड्यांत शिरून त्यांनाच फुगवितो.

सु. २१ × ११ × ७ सेंमी. मापाच्या एका साच्यास पुढील प्रमाण पुरते : मैदा १९० ग्रॅ., साखर २०० ग्रॅ., लोणी ११५ ग्रॅ., अंडी ३, घट्ट ताक किंवा घुसळलेले दही १२० ग्रॅ., बेकिंग पावडर ६ ग्रॅ., मीठ अर्धा चहाचा चमचा व तीन मायर लिंबांच्या सालीचा किस. पाकासाठी निराळा ६० मिलि. रस व ५० ग्रॅ. साखर लागते. लोणी १८°–२०° से. तापमानाचे, म्हणजे बोटाने दाबल्यास खड्डा पडेल पण चकाकणार नाही असे असावे. महाराष्ट्रातील उन्हाळ्यात ते त्याहून फार मऊ होते व हवा धरीत नाही. त्यामुळे भांडे थंड पाण्यात ठेवून घोटणे इष्ट. लोणी व किस चोळलेली साखर फिकट व फुलून येईपर्यंत घोटून, अंडी एकेक करून मिसळतात. अंडी थंड असल्यास पायस फुटते व मिश्रण नासल्यासारखे दिसते. चमचाभर मैदा घातल्याने ते बहुधा सावरते. अखेरीस मैदा, बेकिंग पावडर व मीठ एकत्र चाळून ताकासह आळीपाळीने घालतात. मैदा पडल्यानंतर जास्त घोटल्यास ग्लुटेनाचे जाळे बळकट होऊन केक चिवट होतो.

साचा खोल व अरुंद असल्याने उष्णता मध्यापर्यंत पोहोचण्यास वेळ लागतो. १७५° से. तापमानात सु. ५० ते ६० मिनिटे भाजावे लागते. वरचा पापुद्रा घट्ट झाल्यावरही आतील मिश्रण फुगतच असते, त्यामुळे माथ्यावर लांबट चीर पडते. ती चीर दोष नसून या केकचे लक्षण होय. चिरेतील भाग ओलसर दिसत असेपर्यंत केक कच्चा समजावा. पहिल्या अर्ध्या तासात भट्टीचे दार उघडल्यास मध्यभाग खचतो व पुन्हा वर येत नाही.

रस कणकेत का घालीत नाहीत, याचे कारण रासायनिक आहे. रसातील सिट्रिक अम्ल बेकिंग पावडरीतील सोड्याशी विक्रिया पावून खर्ची पडते. त्यामुळे आंबटपणा तर जातोच, शिवाय वायू भट्टीत जाण्यापूर्वीच निसटतो. अम्लाधिक्याने अंड्यातील प्रथिने लवकर साकळतात आणि पृष्ठभागावर तांबूस रंग नीट चढत नाही. म्हणून बहुतेक रस केक भाजून झाल्यावर पाकाच्या रूपाने घालतात. साखर विरेपर्यंतच रस कोमट करतात, उकळत नाहीत. गरम केकला पातळ काडीने भोके पाडून पाक सावकाश मुरवितात व केक साच्यातच निवू देतात. मायर लिंबाच्या रसात लेमनच्या रसापेक्षा अम्ल बरेच कमी असते. परिणामी लेमनसाठी लिहिलेले प्रमाण जसेच्या तसे घेतल्यास केक नुसताच गोड लागतो. त्यावर पाकातील साखर कमी करणे किंवा थोडा लेमनचा रस मिसळणे असे दोन उपाय असून, पहिला अधिक चांगला. दुसऱ्याने मायर लिंबाचा मूळ सौम्यपणा झाकला जातो. केक दुसऱ्या दिवशी अधिक चवदार लागतो.

महाराष्ट्रात मायर लिंबू सहसा मिळत नाही. कागदी लिंबाची साल त्याच्याऐवजी घेता येते, परंतु तिचा वास अधिक तीव्र असल्याने किस निम्माच घ्यावा. नागपुरी संत्र्याची साल सैल असते व किसताना दबते. ती फळावर असतानाच, सोलण्यापूर्वी, हलक्या हाताने किसावी लागते. संत्र्याच्या रसात अम्ल कमी असल्याने पाकात कागदी लिंबाचा रस मिसळल्यास केकला चव येते.

परसातील झाड व रोग : मायर लिंबाच्या सुलभ प्रसाराचीच एक अनिष्ट बाजू १९४० नंतरच्या दशकात उघडकीस आली. लिंबूवंशातील झाडांना ट्रिस्टेझा हा विषाणुजन्य रोग होतो. स्पॅनिश व पोर्तुगीज भाषांत या शब्दाचा अर्थ ‘खिन्नता’ असा आहे. या रोगाने आंबट नारिंगाच्या खुंटावर कलम केलेल्या झाडांतील अन्नरस वाहून नेणारे परिकाष्ठ कलमाच्या सांध्याशी मरते व झाड सुकते. १९३० नंतर दक्षिण अमेरिकेत या रोगाने लक्षावधी झाडे नष्ट झाली. कॅलिफोर्नियातील मायर लिंबाची बहुतेक झाडे हा विषाणू बाळगून असल्याचे आढळले. मात्र ती स्वतः निरोगी दिसत. बाहेरून लक्षण न दाखविणाऱ्या झाडातील विषाणू ओळखण्यासाठी त्याचा डोळा कागदी लिंबाच्या रोपावर बांधतात, कारण त्या रोपाच्या पानांच्या शिरा रोग असल्यास लवकर पारदर्शक होतात. फांद्या वाटून पसरविलेल्या झाडांबरोबर रोगही पसरत होता आणि मावा कीड तो बागांत नेत होती. परिणामी असंख्य परसांतील झाडे तोडावी लागली. पुढे विषाणुमुक्त अशी एक निवड हाती आली व कॅलिफोर्निया विद्यापीठाने ती १९७५ मध्ये ‘सुधारित मायर’ या नावाने प्रसृत केली. आज रोपवाटिकांत मिळणारी झाडे याच निवडीची असतात.

त्यानंतरचे संकट अधिक गंभीर आहे. ग्रीनिंग किंवा हुआंगलाँगबिंग हा सूक्ष्मजंतुजन्य रोग सायला नावाची लहान कीड पसरविते. पाने ठिपक्याठिपक्यांनी पिवळी पडतात, फळे लहान, एकांगी व कडवट होतात आणि देठाविरुद्धच्या टोकास हिरवी राहतात. रोगावर उपाय नाही. झाड काही वर्षांत मरते. नागपूर भागातील संत्रा बागाईतदारांसही हा रोग व ही कीड अपरिचित नाहीत. फ्लॉरिडात हा रोग २००५ मध्ये आढळला. तेथे २००३-०४ च्या हंगामात गोड संत्र्यांची २४ कोटींहून अधिक खोकी (प्रत्येकी सु. ४१ किग्रॅ.) निघाली होती, २०२३-२४ मध्ये ती दोन कोटींच्याही खाली आली. या घसरणीस वादळे व शहरांची वाढ हीदेखील कारणे असली, तरी मुख्य कारण हा रोगच होय. कॅलिफोर्नियात सायला २००८ मध्ये व रोग २०१२ मध्ये प्रथम दिसला. रोग सापडला तो बागेत नव्हे, तर लॉस अँजेल्स परगण्यातील एका घराच्या आवारातील झाडात. त्यानंतरची बाधित झाडेही प्रामुख्याने निवासी वस्त्यांतच आढळली आहेत.

म्हणून रोगग्रस्त भागांत निर्बंध लागू असून, घरच्या झाडाची फळे, पाने व फांद्या आवाराबाहेर नेण्यास मनाई असते. फळे आवारातच खाण्यास, त्यांचा रस काढण्यास किंवा ती शिजविण्यास हरकत नसते. हा रोग माणसास होत नाही. शेजाऱ्यास फांदी देण्याची जुनी रीत मात्र तेथे बंद झाली आहे. नवे झाड परवानाधारक रोपवाटिकेतूनच घ्यावे लागते. कोवळ्या पालवीवर सायलाची पिवळी पिले व त्यांच्यापासून निघणाऱ्या मेणाच्या पांढऱ्या नळ्या दिसतात का, हे दर पालवीच्या वेळी पाहावे लागते. पाकिस्तानातील पंजाब प्रांतातून आणलेली टॅमॅरिक्सिया रॅडिएटा ही सूक्ष्म परोपजीवी गांधीलमाशी २०११ च्या अखेरीपासून कॅलिफोर्नियात सोडली जाते. ती सायलाच्या पिलांखाली अंडी घालते व तिच्या अळ्या ती पिले खातात. सायलाच्या गोड विष्ठेसाठी येणाऱ्या मुंग्या या गांधीलमाशीस हुसकून लावतात, त्यामुळे झाडाच्या बुंध्यावर चिकट पट्टा बांधून मुंग्यांना वर चढू न देणे हे घरमालकाचे एक काम होऊन बसले आहे.