नवी फरशी, जुनी चौकट आणि घरातील ज्येष्ठ

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत पंचगंगेचे पाणी कोल्हापुरातील अनेक घरांत शिरले. ते ओसरल्यावर कोठे फरशी खचलेली दिसली, कोठे चौकटीचे लाकूड फुगून कुजलेले. अशा घरांत, आणि पूर न पोहोचलेल्या जुन्या घरांतही, शहाबादी फरशी न उखडता तिच्यावरच नव्या टाइल बसवून घेण्याची पद्धत आता रुळली आहे. त्यात खर्च वाचतो, राडारोडाही कमी होतो. मात्र जमीन वर येते. टाइल केमिकलने चिकटवल्यास साधारण अर्धा इंच, आणि वाळू-सिमेंटच्या थरावर बसवल्यास दीड-दोन इंचांपर्यंत. मग दार खाली घासू लागते आणि सुताराला बोलावून झडप व चौकटीची खालची टोके कापून घ्यावी लागतात.

तासाभराचे काम म्हणून आपण त्याचा फारसा विचार करीत नाही. किती कापायचे हे सुतार सांगेल. परंतु कापताना घरातील ज्येष्ठ कोठे असावेत आणि काम संपल्यावर त्यांचे पाऊल कशावर पडेल, हे घरच्यांनीच ठरवायचे असते.

कापण्यापूर्वी काय पाहावे?

पहिली गोष्ट रंगाची. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा अधिक नसावे, हा नियम आपल्या देशात नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वी रंगवलेल्या दारांवर शिसेयुक्त रंगाचे थर असण्याची शक्यता असते. असा रंग कोरडा घासल्यास किंवा यंत्राने कापल्यास शिसे धुळीबरोबर घरभर पसरते. रांगणाऱ्या नातवंडांच्या मेंदूच्या वाढीला ते घातक असते. मोठ्यांमध्ये रक्तदाब व मूत्रपिंडांवर त्याचा परिणाम होतो. म्हणून कापण्याच्या जागी रंग ओला करून हलकेच खरवडून घ्यावा. तो जाळून काढू नये.

दुसरी गोष्ट लाकडाची. पुरात भिजलेल्या लाकडात बुरशी असते, वाळवीच्या लाकडाला औषध लावलेले असते. दोन्ही धुळीवाटे श्वासात जातात. जुन्या मातीच्या भिंतीत वरचा भार चौकटीवर आलेला असू शकतो. अशी चौकट अभियंत्याला दाखवल्याशिवाय कापू नये. चौकटीलगत विजेची तार गेली असेल, तर त्या भागाचा वीजपुरवठा बंद करूनच हात लावावा.

धूळ आणि हत्यार

झडप बिजागरीतून काढून अंगणात किंवा गच्चीवर न्यावी व तेथेच कापावी. चौकट जागेवरच कापावी लागते. तिच्याशेजारी टाइलचा तुकडा, टाइलखाली येणाऱ्या थराइतक्या जाडीचा आधार देऊन, आडवा ठेवावा आणि त्यावर करवत टेकवून हाताने कापावे. यात वेळ थोडा अधिक जातो. पण काप सरळ येतो आणि बारीक धूळ कमी उडते. टाइल कापण्याच्या ग्राइंडरला लाकडाचे दातेरी पाते लावून, त्याचे संरक्षक झाकण काढून काम उरकण्याची सवय काही ठिकाणी दिसते. लपलेल्या खिळ्याला पाते अडले की ते यंत्र उसळून हातावर किंवा मांडीवर येते. तसे करू देऊ नका.

टाइल कापताना उडणाऱ्या धुळीत सिलिका असते. सिलिकाची आणि लाकडाची धूळ दीर्घकाळ श्वासात गेल्यास कर्करोगाचा धोका वाढतो, हे सिद्ध झाले आहे. तो धोका प्रामुख्याने रोज हे काम करणाऱ्या कारागिराला असतो. त्याला एन-९५ मास्क व चष्मा आवर्जून द्यावा. तोंडाला बांधलेला रुमाल पुरेसा नाही. आपल्या घरातील दमा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असलेल्या व्यक्तीला मात्र एका दिवसाची धूळही धाप लागण्यास पुरेशी ठरते. त्या दिवशी तिला नातेवाइकांकडे पाठवावे. ते शक्य नसल्यास दूरच्या खोलीत, दाराच्या फटीला ओले कापड लावून ठेवावे आणि इनहेलर हाताशी असू द्यावा. घरी ऑक्सिजन सुरू असेल, तर ठिणग्या उडवणारे कोणतेही यंत्र त्या घरात चालवू नये.

काम संपल्यावर कोरड्या केरसुणीने झाडू नये. ओल्या फडक्याने दोन-तीनदा पुसावे.

जखम झाली तर

मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेल्या व्यक्तीला खिळा किंवा टाइलची कपची रुतलेली कळतही नाही. कामाच्या दिवसांत अशा व्यक्तीने घरातही बंद पादत्राणे घालावीत; रोज रात्री तळवे कोणीतरी पाहावेत. धनुर्वाताची लस कधी घेतली होती, हे डॉक्टरांना सांगावे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू असल्यास जखमेवर स्वच्छ कापडाने सलग दहा मिनिटे दाब द्यावा. तरीही रक्त न थांबल्यास दवाखाना गाठावा. डोळ्यात कण गेल्यास चोळू नये, स्वच्छ पाण्याने धुवावा. तो रुतलेला असल्यास स्वतः काढू नये.

शेवटचा अर्धा इंच

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडण्यामुळे दगावतात; त्यांत साठीपुढील व्यक्तींचे प्रमाण मोठे आहे. वर्षानुवर्षांच्या सवयीने पाय घराची उंची लक्षात ठेवतो. बाहेरची खोली अर्धा इंच वर आली आणि स्वयंपाकघर जुन्याच पातळीवर राहिले, तर पाऊल तेथेच अडखळते. न्हाणीघराची पायरीही तेवढीच अधिक खोल होते.

म्हणून दोन खोल्यांतील फरक उताराची पट्टी बसवून काढावा आणि तिचा रंग फरशीहून वेगळा ठेवावा. उंबरठा ठेवायचाच असेल, तर तोही ठळक दिसावा. न्हाणीघरात खडबडीत टाइल घ्याव्यात. त्याचे दार कापण्यासाठी काढलेलेच असते, तेव्हा ते बाहेर उघडेल असे बसवून घ्यावे. आत कोणी पडल्यास आत उघडणारे दार त्यांच्याच अंगाने अडते. वॉकर वापरणारे कोणी असल्यास त्याची रुंदीही याच वेळी मोजून पाहावी.

सुताराचे पैसे चुकते करण्यापूर्वी एक गोष्ट करा. घरातील ज्येष्ठांचा हात धरून त्यांना पलंगापासून न्हाणीघरापर्यंत, रात्रीचाच दिवा लावून, एकदा चालवून आणा. त्यांचे पाऊल जेथे अडेल, तेथे काम अजून बाकी आहे असे समजा. पुढे कधी पडल्यास, रक्त पातळ करणारी गोळी सुरू असताना डोक्याला मार लागला असेल, तर वरून काही दिसत नसले तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. उलटी, गुंगी किंवा तीव्र डोकेदुखी असल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.