उपग्रहातील द्रवशीतन

तिरोड्याचे ३३०० मेगावॉटचे औष्णिक विद्युत्केंद्र आपली निरुपयोगी उष्णता शीतन-मनोऱ्यांतून हवेच्या स्वाधीन करते. उपग्रहाभोवती हवाच नाही. तेथे उष्णता प्रारणानेच बाहेर पडावयाची. पंप द्रवास उपकरणांजवळून बाहेरच्या प्रारक पट्टांकडे फिरवितो. द्रव उष्णता नाहीशी करीत नाही, केवळ वाहून नेतो. (परिभाषेत मात्र ‘वहन’ म्हणजे पदार्थ जागीच राहून होणारे उष्णतेचे संक्रमण, विद्यार्थी गोंधळतात ते येथेच.) आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकाच्या बाह्य नळ्यांत अमोनिया असतो, कारण तो उणे ७७ अंशांपर्यंत गोठत नाही. सारी भिस्त पंपावर. जुलै २०१० च्या अखेरीस तेथील दोहोंपैकी एक पंप बंद पडला व निम्मे शीतन थांबले. ऑगस्टमध्ये अंतराळवीरांनी तीनदा बाहेर पडून तो बदलला.