वैमानिक-प्रशिक्षण : देशोदेशींचे निकष

वैमानिकाच्या परवान्यासाठी किमान पात्रता कोणती असावी, हे १९४४ च्या शिकागो कराराच्या पहिल्या परिशिष्टात नमूद आहे. तथापि त्याहून कडक अटी घालण्याची मुभा प्रत्येक राष्ट्रास आहे. व्यावसायिक परवान्यासाठी भारतात २०० तासांचे, तर अमेरिकेत सर्वसाधारणपणे २५० तासांचे उड्डाण आवश्यक असते. युरोपात मान्यताप्राप्त सलग अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यास १५० तास पुरतात.

अमेरिकेत बफेलोनजीक २००९ साली झालेल्या विमान अपघातात ५० जण मृत्युमुखी पडले. परिणामी २०१३ पासून तेथे प्रवासी विमानाच्या सहवैमानिकासही सर्वसाधारणपणे १,५०० तासांची अट लागू झाली. वस्तुतः त्या विमानाच्या दोन्ही वैमानिकांचा अनुभव याहून अधिक होता. परंतु वेग घटल्याचा इशारा मिळताच विमानाचे नाक खाली आणण्याऐवजी ते वर उचलले गेले. प्रशिक्षणाचा कस केवळ तासांच्या संख्येवर ठरत नाही, हाच याचा बोध होय.

परदेशी परवाना मिळविलेल्या भारतीय उमेदवारास नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या परीक्षा द्याव्या लागतात. यास्तव परदेशी संस्था निवडताना तासांइतकीच आणीबाणीच्या सरावाचीही चौकशी करणे हितावह ठरेल.