पालिकेची जमीन : विक्री कोणाची, पैसा कोणाचा?

‘महापालिकेने जागा विकून खाल्ली’ हे वाक्य उल्हासनगरात सर्रास कानावर येतं. रागाला कारण असेलही, पण आधी एक प्रश्न विचारायला हवा : ती जागा महापालिकेची होती का?

बहुतेकदा नसते. हे शहर दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या जागेवर उभं राहिलं. फाळणीनंतर सिंधी निर्वासित इथल्या बराकींत आले आणि 1949 मध्ये ‘कल्याण कॅम्प’चं उल्हासनगर झालं. विस्थापितांच्या भरपाई व पुनर्वसनाचा केंद्रीय कायदा 1954 चा होता. त्यानुसार सिंधमध्ये गमावलेल्या मालमत्तेची भरपाई इथल्या जागेच्या किमतीत वळती करून घेता येत असे. आजही जागेच्या मालकीची सनद देतात ते उपविभागीय अधिकारी, म्हणजे राज्याचं महसूल खातं. महापालिकेची घरपट्टीची पावती मालकी सिद्ध करत नाही. इथे फसवणूक होते ती नेमकी याच गल्लतीमुळे.

शेजारच्या अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर इथे नगरपरिषदांचा 1965 चा कायदा लागू आहे. सभेत हात वर झाले की जमीन गेली, हा तिथला गैरसमज. कलम 92 नुसार एकूण नगरसेवकांपैकी किमान दोन तृतीयांश जणांचा ठराव लागतो, शिवाय राज्य शासनाची मंजुरीही. परिषदेला स्वतःच्या अधिकारात देता येतो तो फक्त तीन वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा. उल्हासनगर महापालिकेला 1949 च्या महापालिका अधिनियमाचं कलम 79 लागू होतं. स्वतःची मालमत्ताही तिला चालू बाजारभावापेक्षा कमी मोबदल्यात देता येत नाही.

मोकळी दिसणारी प्रत्येक जागा विकाऊ नसते, हेही ध्यानात ठेवावं. विकास आराखड्यात उद्यान किंवा शाळेचं आरक्षण असलं, तर आधी ते कायदेशीर मार्गाने बदलावं लागतं.

आणि पैसा? तो महापालिका निधीत जमा होतो. अंदाजपत्रकात तरतूद असल्याशिवाय त्यातून खर्च करता येत नाही. पण ज्या प्रभागातली जमीन गेली तिथेच तो खर्च व्हावा, असं बंधन नाही. मला हे खटकतं. जमीन एकदाच विकता येते. तिच्या पैशातून पगार आणि वीजबिलं भागवणं म्हणजे बियाणं दळून खाणं. त्यातून जलवाहिनी, दवाखाना, शाळाच उभी राहायला हवी.

यासाठी नागरिकाने ठराव, मूल्यांकन अहवाल आणि त्या वर्षीच्या अंदाजपत्रकातली भांडवली जमेची व खर्चाची पानं मागावीत. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात.