‘पाळणा लांबवा’पासून पाळणाघरापर्यंत

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

आमच्या लहानपणी लग्नात वडीलधाऱ्या बायका नव्या नवरीला ‘अष्टपुत्रा सौभाग्यवती भव’ असा आशीर्वाद देत. आणि त्याच गावात आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लाल त्रिकोण काढून ‘दोन किंवा तीन मुले पुरेत’ असे रंगवलेले असे. घरचा आशीर्वाद आणि सरकारचा उपदेश यांचे असे उघड भांडण होते. त्यात सरकार जिंकले. पुढे ‘तीन’ गळाले, ‘हम दो, हमारे दो’ आले, आणि ‘पाळणा लांबवा’ हे शब्द घरोघरी पोचले.

आता काटा उलट्या बाजूला सरकू लागला आहे. दोनपेक्षा जास्त मुले असणाऱ्यांना स्थानिक स्वराज्य संस्थांची निवडणूक लढवता येणार नाही, हा आंध्र प्रदेशातला नियम तिथल्या विधानसभेने नोव्हेंबर २०२४ मध्ये काढून टाकला. मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडू यांनी तर जास्त मुले होऊ द्या, असे जाहीर आवाहन केले. आपल्या महाराष्ट्रात असाच नियम २००१ मध्ये आला, आणि २००५ मध्ये सरकारी नोकरीसाठी लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापत्र आले. कालपर्यंत तिसऱ्या मुलाबद्दल शिक्षा करणारे सरकार उद्या त्याच मुलाबद्दल बक्षीस देणार काय? आणि द्यावे काय? आज मला या प्रश्नाचा विचार तुमच्याबरोबर करायचा आहे.

आधी थोडे आकडे पाहू. एका स्त्रीला आयुष्यात सरासरी किती मुले होतात, याला प्रजनन दर म्हणतात. लोकसंख्या आहे तेवढी राहायची असेल तर तो साधारण २.१ असावा लागतो. आईबापांच्या जागी दोन, आणि जी मुले मोठी होण्याआधीच जातात त्यांच्यासाठी थोडे वरचे, असा त्याचा हिशेब. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या १९९२-९३ मधल्या पहिल्या फेरीत भारताचा दर ३.४ होता. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत तो २.० वर आला. महाराष्ट्राचा तर १.७ झाला. बिहारमध्ये मात्र तो ३ च्या आसपास होता. याचा अर्थ उद्यापासून देश ओस पडणार, असा मुळीच नाही. आज तरुण असलेल्यांची संख्याच इतकी मोठी आहे की प्रत्येक घरात मुले कमी झाली तरी एकूण लोकसंख्या पुढची काही दशके वाढतच राहील. पण घरात म्हातारी माणसे जास्त आणि मुले कमी, हे चित्र आपल्या दाराशी आले आहे, हे नक्की.

सरकारने पैसे दिले तर मुले वाढतात का? याचे उत्तर शोधायला फार दूर जायला नको. असा एक प्रयोग आपल्या मुंबईतच चालू आहे. पारशी समाजाबद्दल बोलतो आहे. १९४१ च्या जनगणनेत, म्हणजे फाळणीपूर्व हिंदुस्थानात, पारशी १,१४,८९० होते. २००१ मध्ये भारतात ६९,६०१ उरले, आणि २०११ मध्ये ५७,२६४. यातले बहुसंख्य मुंबईत. दर वर्षी जन्मणाऱ्यांपेक्षा जाणारे कितीतरी जास्त. म्हणून केंद्र सरकारने सप्टेंबर २०१३ मध्ये ‘जियो पारसी’ ही योजना सुरू केली. बाकी सगळ्या देशाला पाळणा थांबवायला सांगणारे सरकार एका समाजाला मात्र पाळणा हलू द्या म्हणत होते.

या समाजाची गोष्ट बोलकी आहे. गरिबीमुळे मुले होत नाहीत असे म्हणावे, तर इथे शिक्षण भरपूर, धर्मादाय संस्था भक्कम, आणि बागांमधून समाजाची स्वतःची घरे. तरीही मुले सगळ्यांत कमी. कारण लग्ने उशिरा होतात, साधारण तीनांतला एक जण लग्नच करत नाही, तरुण परदेशी जातात, आणि बागेतली खोली मिळेपर्यंत लग्न लांबते. घरात सांभाळायला म्हातारे आईवडील असतात ते वेगळेच. एकुलत्या एका मुलीवर आई, वडील आणि न लग्न झालेली आत्या अशा तिघांची जबाबदारी असेल, तर तिने पाळण्याचा विचार करायचा कधी?

योजनेत सुरुवातीला दोन भाग होते. एक, मूल होण्यात अडचण असलेल्या जोडप्यांना उपचारांसाठी मदत. दुसरा, समाजात प्रचार. या प्रचाराच्या जाहिरातींवर बरीच टीका झाली. लग्न न करणाऱ्यांना, मूल नको म्हणणाऱ्यांना त्या खिजवतात, असे समाजातल्याच अनेकांना वाटले. पुढे योजनेत तिसरा भाग आला. लहान मुलांच्या संगोपनासाठी आणि घरातल्या वृद्धांच्या देखभालीसाठी मदत. मला हा बदल फार महत्त्वाचा वाटतो. अडचण केवळ दवाखान्यात सुटणारी नाही, ती घरातल्या माणसांच्या वेळेची आहे, हे त्यात मान्य केलेले आहे.

फळ काय मिळाले? सुमारे दहा वर्षांत या योजनेच्या मदतीने चारशेहून अधिक मुले जन्माला आली. समाजाची घट यामुळे थांबली नाही. म्हणजे आकड्याच्या फूटपट्टीने मोजले तर योजना तोकडी पडली. पण ज्या घरांत मूल हवे होते आणि होत नव्हते, त्या घरांना जाऊन विचारले तर? तिथे उत्तर वेगळे मिळेल. कोणती फूटपट्टी घ्यायची, यावरच सगळे अवलंबून आहे.

परदेशांतले अनुभवही याच दिशेने बोट दाखवतात. हंगेरीने २०१९ मध्ये तरुण जोडप्यांना स्वस्त कर्ज दिले, तिसरे मूल झाले की ते माफ. चार किंवा अधिक मुलांच्या आईला आयुष्यभर प्राप्तिकर माफ केला. तिथला दर २०११ मध्ये १.२३ होता, तो २०२१ पर्यंत १.६ च्या जवळ गेला. पण २०२४ मध्ये पुन्हा १.३८ वर घसरला. दक्षिण कोरियाने २००६ पासून योजनांमागून योजना केल्या, अमाप पैसा ओतला. तिथला दर २०२३ मध्ये ०.७२ झाला, जगातल्या सर्वांत कमी दरांपैकी एक. कारण कचेरीचे तास कमी झाले नाहीत, घरांच्या किमती उतरल्या नाहीत, मुलांच्या शिकवण्यांचा खर्च आटोक्यात आला नाही, आणि मूल झाले की बाईची नोकरी मागे पडते ती पडतेच. फ्रान्समध्ये दुसऱ्या मुलापासून कुटुंबाला भत्ता मिळतो, पाळणाघरांची जुनी व्यवस्था आहे, तीन वर्षांच्या मुलाला सरकारी बालशाळा आहे. तिथलाही दर २०२४ मध्ये १.६२ पर्यंत उतरला. पण कोरियाच्या तो दुपटीहून अधिक आहे, हेही विसरू नये.

म्हणजे पैसे टाकले आणि मुले आली, असे यंत्र कुठेच सापडलेले नाही. नुसत्या रोख रकमेने फार तर पाळणा थोडा आधी हलतो. जे मूल तीन वर्षांनी व्हायचे ते आज होते. आईबापांचा रोजचा दिवस सोपा झाला, तर मात्र थोडा टिकाऊ फरक पडतो.

माझी एक भाची पुण्यात नोकरी करते. तिला एक मुलगी आहे. दुसरे हवे आहे, पण ती आणि जावई तीन वर्षे हो-नाही करत आहेत. मी तिला विचारले, “सरकारने लाखभर रुपये दिले, तर होऊ द्याल का गं दुसरं?” ती हसली. म्हणाली, “मामा, पैसे नकोत. पाळणाघर साडेसहाला बंद होतं आणि माझी बस सातला पोचते. मला तो अर्धा तास द्यायला सांगा.” आमच्या इमारतीत धुणीभांडी करणाऱ्या बाईंना हेच विचारले असते, तर त्यांनी अर्धा तास नव्हे, अख्खा दिवस मागितला असता. त्यांची धाकटी मुलगी गावी आजीकडे वाढते आहे, कारण इथे तिला ठेवायला जागा नाही. एकीला दुसरे मूल परवडत नाही, आणि दुसरीला असलेले मूलही जवळ ठेवता येत नाही.

मग सरकारने मदत करावी की नाही? माझे उत्तर आहे, करावी; पण आकड्यासाठी करू नये. सरकार आकडा घेऊन माणसाच्या संसारात शिरले की काय होते, ते आपण आणीबाणीतल्या सक्तीच्या नसबंदीत पाहिले आहे. दुसऱ्या बाजूचे उदाहरण रुमानियाचे. तिथे १९६६ मध्ये जन्म वाढवण्यासाठी गर्भपातावर बंदी घातली. वर्षभरात जन्म जवळजवळ दुप्पट झाले, मग पुन्हा घटत गेले, आणि मागे राहिले ते चोरून केलेल्या गर्भपातांत गेलेल्या बायकांचे मृत्यू. कमी करा म्हणणारी सक्ती आणि वाढवा म्हणणारी सक्ती या सख्ख्या बहिणी आहेत. दोघींचेही ओझे बाईच्या अंगावर पडते.

कुणी म्हणेल, दुसऱ्याच्या मुलासाठी माझ्या करातून खर्च का? मला स्वतःला मूल नको असेल तर? शंका रास्त आहे. पण उद्या मी म्हातारा झालो की मला इंजेक्शन देणारी परिचारिका, माझी बस चालवणारा, ज्याच्या करातून माझे निवृत्तिवेतन निघेल तो, हे सगळे कुणाचे तरी मूलच असणार. मूल वाढवण्याची किंमत आई मोजते, फायदा मात्र गाव वाटून घेते.

हा विचार काही परदेशातून आणावा लागत नाही. जुलै १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात गिरणी-कारखान्यांतल्या कामगार स्त्रियांना बाळंतपणात पगारी रजा देण्याचे विधेयक आले. खर्च कोण सोसणार, असा प्रश्न तेव्हाही झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विधेयकाला पाठिंबा देताना सांगितले, की आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून तिचा भार मुख्यतः सरकारनेच उचलायला हवा. आणि मालकालाही त्या स्त्रीच्या श्रमाचा लाभ होतो, म्हणून त्यानेही वाटा उचलावा. १९२९ मध्ये तो कायदा झाला. आणि याच आंबेडकरांच्या पक्षाने नोव्हेंबर १९३८ मध्ये त्याच मुंबईच्या विधानसभेत संततिनियमनाची साधने लोकांना मिळावीत म्हणून ठराव आणला. पी. जे. रोहम यांनी तो मांडला, सभागृहाने फेटाळला. एकीकडे मुलांचा भार सरकारने उचलावा, दुसरीकडे मुले नकोत म्हणण्याची सोयही असावी. वरवर पाहता यात विसंगती वाटते. मला वाटत नाही. मुले किती, हे आईने ठरवावे. आणि जे मूल आले त्याचा भार सगळ्यांनी वाटून घ्यावा, असाच त्या दोन्हींचा एकत्र अर्थ मी लावतो.

आज आपण कुठे आहोत? २०१७ च्या दुरुस्तीने बाळंतपणाची पगारी रजा २६ आठवड्यांची झाली, पण दोन मुले असलेल्या आईला तिसऱ्या वेळी ती १२ आठवडेच मिळते. पन्नास किंवा अधिक नोकरदार असलेल्या ठिकाणी पाळणाघर असावे, असेही त्या दुरुस्तीत म्हटले. पण शेतात, बांधकामावर आणि घरकाम करणाऱ्या बायका या कायद्याच्या बाहेरच राहिल्या. त्यांच्यासाठी मातृवंदना योजनेतून पहिल्या मुलाच्या वेळी ५,००० रुपये आणि दुसरी मुलगी झाली तर ६,००० रुपये आहेत. अंगणवाडी आहे, पण ती काही तास. २०२२ पासून केंद्राच्या पाळणाघर योजनेचे नावच ‘पालना’ आहे. नाव छान आहे. गरज आहे ती वस्तीवस्तीत, आई कामावरून परत येईपर्यंत उघडे असणारे दार असण्याची.

तेव्हा तिसऱ्याबद्दल शिक्षा नको आणि बक्षीसही नको. तिसऱ्या मुलाने नियम मोडलेला नसतो, आणि पहिल्याने पराक्रम केलेला नसतो. एक मूल असो वा तीन, ते सांभाळायला जागा, वेळ आणि माणूस मिळावे, एवढे सरकारने पाहावे. मग माझ्या भाचीने दुसऱ्याचा निर्णय काय घ्यायचा तो घ्यावा. नको म्हणाली तरी चालेल; पण ते ‘नको’ बसच्या वेळापत्रकाने तिच्या तोंडी घातलेले नसावे.