आधी मोजा, मग कापा
डोंगरी सायकलचा ड्रॉपर सीटपोस्ट आणि छोट्या दुकानदाराची कमाई

सायकलच्या दुकानात कोणती कामे होतात, असे विचारले तर बहुतेक लोक पंक्चर, ब्रेकचे रबर, चेन आणि ओव्हरऑइल एवढीच नावे घेतील. पण अलीकडे या दुकानांच्या दारात एक नवे गिऱ्हाईक उभे राहू लागले आहे. त्याच्याकडे जाड टायरांची डोंगरी सायकल असते, हातात ऑनलाइन मागविलेला खोका असतो आणि तो म्हणतो, "हे बसवून द्या, मजुरी काय ती सांगा." म्हणजे माल विकण्याचा नफा दुकानदाराच्या हातून आधीच गेलेला असतो. उरतो तो फक्त हाताचा हुनर. हा हुनर जवळ असेल तर दुकान तरते. नसेल तर काय होते, हे आम्ही आमच्या भाच्याच्या पुण्यातील दुकानात पाहिले. इतरांच्या उपयोगी पडावे म्हणून ते येथे मांडत आहोत.

सीट वर का आणि खाली का?

त्या खोक्यात ड्रॉपर सीटपोस्ट होता. सीटपोस्ट म्हणजे सीटखालचा पाइप. साध्या सायकलला तो एकदा कसला की सीट तेवढ्याच उंचीवर राहते. सपाट रस्त्यावर किंवा चढावर पाय पूर्ण ताणला जावा म्हणून सीट उंच हवी. पण दगडधोंड्यांच्या उतारावर हीच उंच सीट अंगाला आडवी येते. स्वाराला शरीर खाली आणि मागे नेता येत नाही, तोल पुढे जातो आणि माणूस हँडलवरून फेकला जाण्याची भीती असते. ड्रॉपरमध्ये हँडलवरचा छोटा खटका अंगठ्याने दाबला आणि सीटवर वजन टाकले की सीट खाली जाते. वजन काढून पुन्हा खटका दाबला की आतील हवेच्या किंवा वायूच्या दाबाने ती वर येते. खटका सोडला की आतील झडप बंद होते आणि सीट आहे तेथेच थांबते.

ही गरज नवी नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या मरीन परगण्यात डोंगरी सायकलींचा जन्म झाला. तेथील जो ब्रीझ आणि जॉश एंजेल यांनी १९८४ च्या सुमारास 'हाइट-राइट' नावाची एक स्प्रिंग बाजारात आणली. सीटची क्लिप सैल केली की ही स्प्रिंग सीटला पुन्हा वर आणीत असे, पण त्यासाठी एक हात खाली न्यावा लागे. हँडलवरून चालणारे पोस्ट पुढे आले. २०१० मध्ये रॉकशॉक्स कंपनीचा तेलाच्या दाबावर चालणारा 'रिव्हर्ब' आला आणि २०१९ मध्ये त्याच कंपनीने वायरच नसलेला, बॅटरीवरचा पोस्ट काढला. मार्च २०२२ मध्ये स्लोव्हेनियाचा मातेय मोहोरिच इटलीतील मिलान-सान रेमो ही रस्त्यावरची शर्यत जिंकला, तेव्हा त्याच्या सायकलला ड्रॉपर होता. शेवटच्या पोज्जो टेकडीच्या उतारावर तो इतरांच्या पुढे निघाला. त्या दिवसापासून रस्त्यावरच्या सायकलवाल्यांचेही लक्ष या वस्तूकडे गेले.

आपल्याकडे दुकानात येणारे पोस्ट बहुतेक वायरवर चालणारे असतात. ते महागड्या पोस्टपेक्षा स्वस्त पडतात आणि साध्या हत्यारांनी दुरुस्त होतात. म्हणून पुढील माहिती त्यांच्याबद्दलच आहे.

चार मापे घेतल्याशिवाय खोका उघडू नये

पहिले माप नळीच्या व्यासाचे. फ्रेमच्या ज्या नळीत पोस्ट उतरतो तिचा आतील व्यास बहुधा २७.२, ३०.९, ३१.६ किंवा ३४.९ मि.मी. असतो. जुन्या पोस्टवर आकडा कोरलेला असतो. नसेल तर व्हर्नियरने मोजावे. नळी मोठी आणि पोस्ट बारीक असेल तर मधे अॅल्युमिनियमचे शिम घालता येते. नळी बारीक आणि पोस्ट जाड असेल तर काम तेथेच संपले. घासून बसविण्याच्या फंदात पडू नये.

दुसरे माप उंचीचे. गिऱ्हाइकाला त्याच्याच सायकलवर बसवावे, चढावरची सीटची उंची ठरवावी आणि नळीच्या तोंडापासून सीटखालच्या दांड्यांपर्यंतचे अंतर घ्यावे. समजा ते २२० मि.मी. आले. पोस्ट नळीत पूर्ण उतरविल्यावरही त्याची कॉलर आणि डोके मिळून ५० मि.मी. वर राहत असतील, तर १५० मि.मी. खाली-वर होणारा पोस्ट २०० मध्ये बसतो आणि २० मि.मी. शिल्लक राहते. १७० चा पोस्ट अगदी काठोकाठ बसतो. २०० चा घेतला तर सीट ३० मि.मी. जास्त उंच राहील आणि गिऱ्हाइकाचे पाय पॅडलवर पुरणार नाहीत. पुष्कळ लोक मोठा आकडा पाहून भुलतात. त्यांना हा हिसाब कागदावर मांडून दाखवावा.

तिसरे माप खोलीचे. पोस्टची एकूण लांबी ४५० असेल तर ४५० वजा २२०, म्हणजे २३० मि.मी. भाग नळीच्या आत जाणार. त्याखाली वायरच्या आउटरला वळण घेण्यासाठीही जागा हवी. काही फ्रेमची नळी मधेच वाकलेली असते, काहींत बाटलीच्या स्टँडचे बोल्ट आत डोकावतात. एक सरळ काठी आत घालून पाहिली तर सारे कळते.

चौथे पाहावयाचे ते हँडलवर. ज्या सायकलला पुढे एकच दातेरी चाक असते तिच्या हँडलची डावी बाजू मोकळी असते. खटका तेथे बसतो. पुढे दोन-तीन चाके असतील तर डाव्या बाजूला आधीच गिअरचा खटका असतो. दोन्ही एकत्र मावतात का, हे आधीच पाहावे. तसेच फ्रेमला वायर आत जाण्याचे भोक आहे का, हेही बघावे. नसेल तर बाहेरून वायर येणारा पोस्ट घ्यावा. फ्रेमला स्वतः भोक पाडणे म्हणजे फ्रेम कमजोर करणे होय.

नेफ्यात नाडी ओवावी तसे

वायर आतून नेणे हेच या कामातील खरे कसब. हँडलजवळच्या भोकातून आउटर आत शिरतो, खालच्या नळीतून बॉटम ब्रॅकेटजवळ येतो आणि तेथून सीटच्या नळीत वर चढतो. काही फ्रेममध्ये आत बारीक वाट केलेली असते. तेथे आउटर सरकवला की निघतो. पोकळ फ्रेममध्ये मात्र तो हरवतो. पायजम्याच्या नेफ्यात नाडी घालताना आपण तिला पिन लावून पुढे सरकवतो, तसेच येथे करावे. आधी एक बारीक वायर किंवा मजबूत दोरा आत सोडावा, बाहेरून लोहचुंबकाने किंवा व्हॅक्यूम क्लीनरच्या ओढीने दुसऱ्या तोंडाशी आणावा, त्याला आउटर बांधावा आणि हलके ओढून घ्यावा. बॉटम ब्रॅकेटपाशी अडलेच तर तो खोलावा. जोर करून आउटर मोडू नये. पोकळ नळीत आउटर खडखडतो, म्हणून त्यावर फोमची बाही चढवावी.

आउटर कापताना धारदार कटर हवा. साध्या पक्कडीने तोंड चेपते. कापल्यावर आतील प्लास्टिकची नळी टोच्याने उघडी करावी आणि टोकाला टोपी बसवावी. काही पोस्टमध्ये वायरची घुंडी खाली पोस्टच्या तळाशी अडकते आणि वायर खटक्यापाशी कसतात. काहींत याच्या उलट असते आणि तेथे पोस्टच्या तळाशी किती वायर ठेवावी हे कंपनीने दिलेल्या मापाप्रमाणेच करावे लागते. नंतर एका हाताने पोस्ट नळीत खाली उतरवावा आणि दुसऱ्या हाताने पुढून सैल झालेला आउटर ओढून घ्यावा, नाहीतर तो तळाशी दुमडतो.

शेवटी क्लिप कसावयाची. फ्रेमवर किंवा पोस्टवर जो आकडा छापलेला असेल, पुष्कळदा ५ न्यूटन-मीटरच्या आसपास, तेवढीच टॉर्क पान्याने कसावी. जास्त कसली तर बाहेरचा पाइप दाबला जातो आणि सीट वर येताना अडखळते. अशा वेळी गिऱ्हाईक म्हणते की माल खराब निघाला. माल खराब नसतो, पाना खराब चाललेला असतो.

एक चूक आणि तिची किंमत

आमच्या भाच्याने पहिला पोस्ट बसविला तेव्हा हँडल सरळ ठेवून आउटर अगदी मापात कापला. काम दिसायला सुबक झाले. दोन दिवसांनी गिऱ्हाईक परत आले. गल्लीच्या तोंडाशी पूर्ण वळण घेताना सीट बसल्या जागी खाली गेली आणि त्याचा तोल गेला. तो पडला नाही, पण हेच डोंगराच्या वाटेवर झाले असते तर?

कारण साधे होते. हँडल वळले की आखूड आउटर ताणला जाई, तळाशी जागा सोडू लागे आणि आतील वायर आपोआप ओढली जाऊन झडप उघडे. भाचा आम्हाला बाजूला घेऊन म्हणाला, "मामू, पोस्टच हलका आहे असे सांगून टाकू का? त्यानेच तर मागवला आहे."

आम्ही म्हणालो, "बेटा, आखूड कापलेले कापड शिंप्याने दुकानदाराच्या माथी मारावयाचे नसते. चूक कात्रीची आहे."

भाच्याने गिऱ्हाइकाला खरे कारण सांगितले, नवा आउटर आपल्या खिशातून घातला आणि मजुरी घेतली नाही. त्या दिवसाची कमाई गेली. या वेळी हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून, वर पोस्ट बाहेर काढता येईल एवढी सवड ठेवून, मगच कटर चालविला. पुढच्याच महिन्यात त्या गिऱ्हाइकाने आपल्याबरोबर डोंगरावर जाणारे दोघे मित्र दुकानात आणले.

दुकानदारांसाठी

आता भाच्याच्या दुकानात एक वही आहे. प्रत्येक सायकलचा व्यास, उंची, खोली आणि आउटरची लांबी तीत लिहिली जाते. मजुरी आधी सांगितली जाते आणि बॉटम ब्रॅकेट खोलावा लागला तर वेगळी पडेल, हेही आधीच सांगितले जाते. सायकल देताना गिऱ्हाइकाला तीन गोष्टी समजावल्या जातात. सीट वर येत नसेल तर वायर सैल आहे, आणि सीट ठरल्या जागी थांबत नसेल तर वायर फार ताठ आहे. दोन्ही वेळा खटक्याजवळची ताण कमी-जास्त करण्याची घुंडी फिरवावी. सीट खाली असताना सायकल सीटला धरून उचलू नये किंवा टांगू नये. आणि पावसाळ्यात चिखलातून आल्यावर पाइप पुसून कोरडा करावा, कारण चिखलाचे कण आत गेले की सील लवकर झिजतात.

ऑनलाइन खोका कोणालाही घरपोच येतो. पण खोक्यातून माप येत नाही आणि हात येत नाही. छोट्या दुकानदाराने स्वस्त मालाशी भावाची शर्यत लावण्यात आपली शक्ती घालवू नये. त्याने मोजण्यात वेळ घालवावा, कापण्यात घाई करू नये आणि चुकल्यास चूक कबूल करावी. कापडाच्या गादीवर इतकी वर्षे बसून आम्ही हेच शिकलो, आणि सायकलच्या दुकानात आम्हाला तोच हिसाब दिसला.